जर्मनीची घटना अतिउजव्यांना किती काळ अडवू शकते?

म्युनिकमध्ये नोकरी करणाऱ्या आणि अलीकडेच जर्मन नागरिक झालेल्या एका मराठी वाचकाने विचारलं आहे: लोकशाही मोडू पाहणाऱ्या पक्षावर बंदी घालायची सोय जर्मनीच्या घटनेत आहे, मग एएफडी या अतिउजव्या पक्षावर ती का घातली जात नाही? आणि हा पक्ष उद्या सत्तेवर आलाच, तर घटना आमच्यासारख्यांना वाचवेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातूनच निघतं. घटना वाचवेल, पण काही काळ. आणि तेही बाकीच्या पक्षांनी तिच्या किल्ल्या आपणहून काढून दिल्या नाहीत तर. मी तौलनिक घटनाकायदा शिकवतो. पक्षबंदीचं कलम २१ विद्यार्थ्यांना पाठ असतं, पण कलम ६७ कशाबद्दल आहे असं विचारलं की बहुतेक जण वही चाळायला लागतात. माझ्या मते या दोहोंत ६७ जास्त कामाचं आहे. ते का, हे कळायला वायमारपर्यंत, म्हणजे १९१९ ते १९३३ च्या जर्मन प्रजासत्ताकापर्यंत, मागे जावं लागतं.

हिटलर निवडून आला, अशी एक सोपी समजूत आपल्याकडे रूढ आहे. खुल्या निवडणुकीत त्याच्या पक्षाला बहुमत कधीच मिळालं नाही. जुलै १९३२ मध्ये सुमारे ३७ टक्के मतं आणि ६०८ पैकी २३० जागा, हा त्यांचा कळस. नोव्हेंबरात ते ३३ टक्क्यांवर घसरले. तरीही ३० जानेवारी १९३३ रोजी राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी हिटलरला चॅन्सेलर, म्हणजे सरकारप्रमुख, नेमलं, कारण १९१९ च्या घटनेने तो अधिकार त्यांच्या एकट्याच्या हातात ठेवला होता. चॅन्सेलर नेमायचा आणि काढायचा अधिकार कलम ५३ मध्ये, संसद विसर्जित करायचा कलम २५ मध्ये आणि आणीबाणीचे वटहुकूम काढायचा कलम ४८ मध्ये. तिन्ही कलमं सुटी वाचली तर फारशी भयंकर वाटत नाहीत, एकत्र वाचली की घोटाळा कळतो. संसदेला वटहुकूम रद्द करता येत असे, पण तिने तो रद्द केला की अध्यक्ष संसदच विसर्जित करत. जुलै १९३० मध्ये चॅन्सेलर ब्र्यूनिंग यांच्या सरकारच्या वेळी नेमकं हेच घडलं आणि त्यातून आलेल्या सप्टेंबरच्या निवडणुकीत नाझींच्या जागा १२ वरून १०७ झाल्या.

दुसरी बाजू संसदेची. १९३२ मध्ये नाझी आणि कम्युनिस्ट मिळून निम्म्याहून जास्त जागा झाल्या. हे दोघे एकत्र सरकार बनवणार नव्हते, पण दुसऱ्याचं पाडायला दोघेही तयार. १२ सप्टेंबर १९३२ ला चॅन्सेलर पापेन यांच्या सरकारवरचा अविश्वास ठराव ५१२ विरुद्ध ४२ मतांनी मंजूर झाला. त्यानंतर पुढे कोण, या प्रश्नाला संसदेकडे उत्तरच नव्हतं.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्यातली कायदेशीर बाजू लोक विसरतात. २८ फेब्रुवारी १९३३ चा मूलभूत हक्क गोठवणारा वटहुकूम कलम ४८ खाली निघाला. २३ मार्चचा, सरकारला संसदेविना कायदे करू देणारा, अधिकारदान कायदा ४४४ विरुद्ध ९४ मतांनी, म्हणजे घटनादुरुस्तीला लागणाऱ्या दोन तृतीयांश बहुमताने, मंजूर झाला. कम्युनिस्ट खासदार तोवर तुरुंगात तरी होते किंवा पळालेले तरी, आणि सभागृहात नाझींच्या निमलष्करी दलाचे तपकिरी गणवेशातले लोक उभे होते. विरोधात फक्त सोशल डेमोक्रॅट उभे राहिले. कॅथलिकांच्या सेंटर पक्षासह बाकी सगळ्यांनी बाजूने मतं दिली. दार फोडावं लागलंच नाही.

१९४८ च्या सप्टेंबरात बॉनमध्ये जमलेल्या संसदीय परिषदेच्या ६५ सदस्यांसमोर हा सगळा ताजा हिशेब होता. त्यांच्यातल्या अनेकांनी नाझी तुरुंग पाहिले होते. २३ मे १९४९ ला जाहीर झालेली त्यांची घटना वाचताना मला नेहमी असं जाणवतं की तिचं प्रत्येक महत्त्वाचं कलम कुठल्या तरी एका तारखेला दिलेलं उत्तर आहे. अध्यक्षाचे वटहुकुमाचे अधिकार गेले, आणि त्याची निवड थेट जनतेकडून न होता एका खास सभेकडून व्हायला लागली. चॅन्सेलर बुंडेसटाग, म्हणजे संसदेचं कनिष्ठ सभागृह, निवडतं. आणि ते ६७ वं कलम: चॅन्सेलरला काढायचं असेल तर त्याच ठरावात त्याच्या जागी कोण येणार त्याचं नाव लिहून बहुमताने निवडून द्यावं लागतं. नुसतं पाडता येत नाही. १९७२ मध्ये विली ब्रांट यांच्याविरुद्ध असा ठराव आला, तो दोन मतांनी हुकला. १९८२ मध्ये हेल्मुट श्मिट गेले आणि हेल्मुट कोल आले. पंचाहत्तर वर्षांत दोनच प्रयत्न. ज्या संसदेत दोन टोकांचे पक्ष मिळून एक तृतीयांशाच्या वर गेले आहेत, तिथे या कलमाचं मोल भाषणांत कुणी सांगत नाही, पण सरकारं त्याच्यावरच टिकतात.

कलम ७९ चा तिसरा परिच्छेद त्याहून पुढे जातो. मानवी प्रतिष्ठा, लोकशाही, कायद्याचं राज्य, संघराज्याची रचना यांच्या गाभ्याला हात लावणारी घटनादुरुस्ती कितीही बहुमत असलं तरी करता येत नाही. याचा आपल्याशी थेट संबंध आहे. हायडेलबर्गचे डीट्रिश कॉनराड यांनी १९६५ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात घटनादुरुस्तीच्या अधिकाराला अध्याहृत मर्यादा असतात का, यावर व्याख्यान दिलं. तिथून तो युक्तिवाद गोलकनाथ खटल्यात पोहोचला, आणि २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात सात विरुद्ध सहा न्यायाधीशांनी मूलभूत संरचनेचा सिद्धांत मान्य केला. न्या. खन्ना यांनी निकालात कॉनराड यांचा आधार घेतला. गंमत अशी की आपले दोन्ही मराठी न्यायाधीश, पालेकर आणि य. वि. चंद्रचूड, तेव्हा अल्पमतात होते. पुढे सरन्यायाधीश झाल्यावर १९८० च्या मिनर्व्हा मिल्स निकालात चंद्रचूडांनी तोच सिद्धांत वापरून ४२ व्या घटनादुरुस्तीतल्या तरतुदी रद्द केल्या. जर्मनीत ही मर्यादा घटनेत लिहिलेली आहे, भारतात न्यायालयाने वाचून काढलेली आहे. न्यायाधीश कोण नेमतं हा प्रश्न मात्र दोन्हीकडे त्याच्या मुळाशी आहे. त्याकडे परत येतो.

आता बंदी. कलम २१ नुसार एखाद्या पक्षाला घटनाविरोधी ठरवण्याचा अधिकार फक्त कार्लस्रुहेच्या संघीय घटना न्यायालयाला आहे, सरकारला नाही. हे महत्त्वाचं, कारण जिथे सरकार विरोधकांवर बंदी घालू शकतं तिथे बंदी हेच लोकशाही मोडायचं साधन होतं. देशभर पसरलेल्या पक्षाविरुद्ध न्यायालयाकडे अर्ज तिघेच करू शकतात: केंद्र सरकार, बुंडेसटाग आणि राज्यांचं सभागृह असलेलं बुंडेसराट. निकाल पक्षाविरुद्ध जायला आठपैकी सहा न्यायाधीश लागतात.

आजवर दोनच बंद्या झाल्या. ऑक्टोबर १९५२ मध्ये एसआरपी या पक्षावर. हा उघडउघड नाझींचा वारसदार होता, आणि आदल्याच वर्षी नीडरझाक्सेन राज्यात त्याला ११ टक्के मतं पडली होती. नंतर ऑगस्ट १९५६ मध्ये कम्युनिस्ट पक्षावर. पहिली बंदी आज सगळे योग्य मानतात, दुसरीबद्दल अजून वाद आहे. त्या निकालानंतर वर्षानुवर्षं छोट्या कार्यकर्त्यांवर खटले चालले, आणि टोकाच्या विचारांच्या लोकांना सरकारी नोकरीबाहेर ठेवण्याच्या १९७२ च्या फर्मानानंतर डाव्या विचारांचे शिक्षक, रेल्वे कर्मचारी, अगदी पोस्टमनसुद्धा चौकशीच्या फेऱ्यात सापडले. नीडरझाक्सेनमधल्या एका शिक्षिकेला पक्षसदस्यत्वावरून बडतर्फ केलं म्हणून युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने १९९५ मध्ये जर्मनीला दोषी धरलं. लोकशाहीच्या रक्षणासाठी दिलेली हत्यारं कुणावर चालतात, ते सरकारी कार्यालयात बसलेल्यांच्या भीतीवर ठरतं. बंदीबद्दल मी सावध असतो त्याचं एक कारण हे.

दुसरं कारण एनपीडीचं प्रकरण. या नव-नाझी पक्षाविरुद्ध पहिला अर्ज २००१ मध्ये झाला आणि मार्च २००३ मध्ये खटला मध्येच कोसळला. घटना संरक्षण कार्यालय, म्हणजे देशांतर्गत गुप्तवार्ता खातं, याचे पैसे घेणारे खबरे पक्षाच्या नेतृत्वातच बसलेले निघाले. पक्षाची म्हणून सादर केलेली काही वक्तव्यंसुद्धा अशा माणसांची होती. जे बोललं गेलं ते पक्षाचं की सरकारी पगाराचं, असा पेच झाला. तीन न्यायाधीशांनी खटला पुढे चालवायला नकार दिला आणि तेवढं पुरेसं ठरलं. त्याच खात्याच्या खबऱ्यांचं जाळं पसरलेलं असताना एनएसयू या नव-नाझी टोळीने २००० ते २००७ दरम्यान दहा खून केले, त्यांतले नऊ बळी स्थलांतरित कुटुंबांतले. २०११ मध्ये टोळी उघडकीस आली, त्यानंतर काही दिवसांतच खात्यात संबंधित फाइली नष्ट केल्या गेल्या. पहारेकऱ्यावर पहारा कुणाचा, हा प्रश्न जर्मनीत म्हणून पुस्तकी राहिलेला नाही.

एनपीडीवरचा दुसरा निकाल १७ जानेवारी २०१७ चा, आणि तुमच्या पहिल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यात आहे. न्यायालय म्हणालं, या पक्षाची उद्दिष्टं घटनाविरोधी आहेतच. वंशावर ठरणारं राष्ट्र ही त्याची कल्पना मानवी प्रतिष्ठेच्या विरुद्ध आहे. पण त्याचा हेतू तडीस जाईल अशी शक्यता दिसण्याइतकीही ताकद त्याच्यात नाही, म्हणून बंदी नाही. म्हणजे १९५६ च्या तुलनेत एक जास्तीची अट आली. फार लहान पक्षावर बंदीची गरज नाही. आणि मोठा झाला की? एएफडीला फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत २०.८ टक्के मतं आणि ६३० पैकी १५२ जागा मिळाल्या. आता ताकदीचा प्रश्न नाही, पण एक कोटीहून जास्त मतदारांच्या पक्षावर बंदी मागायची हिंमत कोण करणार, हा आहे. दोन्ही टप्प्यांच्या मधली वर्षं, जेव्हा अर्ज करणं कायद्याने आणि राजकारणानेही शक्य असतं, ती थोडी असतात. बहुतेक वेळा ती निघून गेल्यावरच चर्चा रंगते.

मधल्या काळात पुराव्याचं काम चाललं. मे २०२४ मध्ये म्युन्स्टरच्या उच्च प्रशासकीय न्यायालयाने एएफडीला संशयित अतिउजवा पक्ष म्हणून निगराणीखाली ठेवणं वैध ठरवलं. २ मे २०२५ ला गुप्तवार्ता खात्याने सुमारे ११०० पानांच्या अहवालाच्या आधारे पूर्ण पक्षालाच खात्रीशीर अतिउजवा ठरवलं. पक्ष कोलोनच्या न्यायालयात गेल्यावर काही दिवसांतच हा शिक्का तात्पुरता बाजूला ठेवण्यात आला. एक गोष्ट इथे नीट लक्षात ठेवा. गुप्तवार्ता खात्याने दिलेलं विशेषण आणि घटना न्यायालयाची बंदी यांत मोठं अंतर आहे. पहिल्याला मतं आणि वक्तव्यं पुरतात. दुसऱ्याला पक्ष त्या दिशेने पद्धतशीर काम करतो आहे हे सिद्ध करावं लागतं. टीव्हीवरच्या चर्चेत दोन्ही एकच समजून बोललं जातं, त्याने मला वैताग येतो.

बंदीपेक्षा सौम्य एक वाट २०१७ च्या निकालातूनच निघाली. न्यायालयाने सुचवलं, संसदेने त्याच वर्षी कलम २१ मध्ये बदल केला, आणि २३ जानेवारी २०२४ ला एनपीडीचा (तोवर तिने नाव बदलून 'डी हायमाट' केलं होतं) सरकारी निधी सहा वर्षांसाठी बंद झाला. जर्मनीत पक्षांना मतांच्या प्रमाणात सरकारी पैसा मिळतो आणि देणग्यांवर करसवलत असते, म्हणून हा फटका नाममात्र नाही. जागा मात्र राहतात, उमेदवार उभे राहू शकतात.

हे झालं हत्यारांचं. आता थुरिंगियाकडे येतो, कारण घटना आतून कशी पोखरली जाते ते तिथे दिसतं. जानेवारी १९३० मध्ये जर्मनीतल्या एखाद्या राज्यात नाझी मंत्री पहिल्यांदा बसला तो याच राज्यात: विल्हेल्म फ्रिक, गृह आणि शिक्षण. त्याने येना विद्यापीठात एका वंशशास्त्राच्या प्रचारकाला प्राध्यापकपद मिळवून दिलं. फेब्रुवारी २०२० मध्ये याच राज्यात मुख्यमंत्र्याच्या निवडीच्या तिसऱ्या फेरीत एएफडीने स्वतःच्या उमेदवाराला वाऱ्यावर सोडलं आणि उदारमतवादी पक्षाच्या उमेदवाराला मतं घातली. तो एका मताने निवडून आला. देशभर गदारोळ झाला, दुसऱ्याच दिवशी त्याने पद सोडण्याची घोषणा केली. घटनेचं कुठलंही कलम मोडलं नव्हतं. गदारोळ झाला नसता तर ते सरकार चाललं असतं.

सप्टेंबर २०२४ मध्ये एएफडी थुरिंगियात पहिल्या क्रमांकाचा पक्ष झाला: ३२.८ टक्के मतं, ८८ पैकी ३२ जागा. २६ सप्टेंबरला नव्या विधिमंडळाची पहिली बैठक भरली. रिवाजाप्रमाणे सर्वांत वयस्क सदस्य अध्यक्षस्थानी, आणि तो निघाला एएफडीचा. बाकीच्या पक्षांना अध्यक्षाची निवड होण्याआधी कामकाजाचा एक नियम बदलायचा होता, कारण नियमानुसार उमेदवार सुचवायचा मान सर्वांत मोठ्या पक्षाचा होता. त्या सदस्याने प्रस्ताव मांडूच दिले नाहीत, मतदान घेतलं नाही. पुन्हापुन्हा तहकुबी, सभागृहात आरडाओरडा. एका ख्रिश्चन डेमोक्रॅट सदस्याने तर ही सत्ता बळकावण्याची रीत आहे असं तोंडावर सुनावलं. शेवटी ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्ष राज्याच्या घटना न्यायालयात गेला. ते न्यायालय वायमार शहरात बसतं, हे मुद्दाम सांगतो. न्यायालयाने दुसऱ्या दिवशी निकाल दिला, तिसऱ्या दिवशी ख्रिश्चन डेमोक्रॅट उमेदवार अध्यक्ष झाला.

मला यातली चुटपुट वेगळीच लागते. हे असं होऊ शकतं हे घटनाकायद्याच्या अभ्यासकांनी महिनोन्महिने आधी लिहून ठेवलं होतं, नियम बदला असं सुचवलंही होतं. बुंडेसटागने २०१७ मध्येच वयाऐवजी सर्वांत जास्त वर्षं खासदार असलेल्याने पहिली बैठक चालवावी असा बदल केला होता. थुरिंगियातल्या पक्षांनी तो वेळेत केला नाही. त्या आठवड्यात न्यायालयाने बाजू सांभाळली. पण तिथल्या ३२ जागांचा अर्थ तेवढ्यावर संपत नाही. ८८ चे दोन तृतीयांश ५९ होतात, एएफडी वगळता सगळे मिळून ५६. घटनादुरुस्ती, आणि न्यायाधीशांच्या नेमणुकीत भाग घेणाऱ्या समितीवरचे सदस्य निवडणं, या गोष्टी एएफडीच्या संमतीशिवाय होत नाहीत. पूर्व जर्मनीत एकीकरणानंतर नेमलेल्या न्यायाधीशांची मोठी पिढी आत्ताच निवृत्तीला येते आहे. समिती बनलीच नाही तर खुर्च्या रिकाम्या राहतात. कायदा मोडायची गरजच पडत नाही, नुसतं हो म्हणायचं टाळायचं.

केंद्रातही हाच हिशेब. २०१० मध्ये हंगेरीत ओर्बान यांच्या पक्षाला सुमारे ५३ टक्के मतांवर संसदेत दोन तृतीयांश जागा मिळाल्या. पुढच्याच वर्षी एकट्या पक्षाने नवी घटना केली आणि न्यायाधीशांचं निवृत्तीचं वय ७० वरून ६२ वर आणून एक फळीच घरी पाठवली. पोलंडमध्ये २०१५ नंतर घटना न्यायाधिकरणावर साध्या बहुमताने कब्जा झाला, घटना बदलावीही लागली नाही. ते पाहून जर्मनांना उशिरा जाग आली. घटना न्यायालयाची रचना, १६ न्यायाधीश, १२ वर्षांची एकच मुदत, निकालांचं बंधनकारक असणं, हे सगळं फारसं घटनेत नव्हतंच, बरंचसं साध्या कायद्यात होतं. आठ-आठ न्यायाधीशांची दोन पीठं आहेत; साध्या बहुमताने तिसरं पीठ तयार करून त्यात आपली माणसं भरता आली असती. डिसेंबर २०२४ मध्ये, सरकार पडलेलं असताना, बुंडेसटागने ६०० विरुद्ध ६९ मतांनी हे घटनेत घातलं. न्यायाधीशांची निवड एका सभागृहात अडली तर दुसऱ्या सभागृहाने ती करावी अशी सोयही केली.

पण दोन तृतीयांश मतांनीच न्यायाधीश निवडायचा, हा नियम मात्र घटनेत घातला नाही. तो साध्या कायद्यातच राहिला. घातला असता तर एक तृतीयांशवाल्या पक्षाच्या हातात कायमचा नकाराधिकार गेला असता. न घातल्यामुळे उद्याच्या बहुमतवाल्याला तो उडवता येतो. हा पेच खरा आहे आणि त्यातून सुटायची वाट मला दिसत नाही. शिवाय आजच्या बुंडेसटागमध्ये ख्रिश्चन डेमोक्रॅट २०८, सोशल डेमोक्रॅट १२० आणि ग्रीन ८५ मिळून ४१३ होतात. ६३० च्या दोन तृतीयांशाला लागतात ४२०. सात कमी. म्हणजे डाव्या पक्षाची तरी मदत घ्या किंवा एएफडीची. ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाने दोघांशीही सहकार्य न करण्याचा ठराव २०१८ मध्ये केलेला आहे. मार्च २०२५ मध्ये कर्जमर्यादेची घटनादुरुस्ती करायला म्हणूनच मावळती संसद पुन्हा बोलावली गेली, नवी निवडून आलेली असताना. कायद्याने ते चाललं, न्यायालयानेही अडवलं नाही. पण लोकशाही वाचवणारे अशा वाटेने जाताना दिसले की समोरच्याला फुकट मुद्दा मिळतो.

जुलै २०२५ मध्ये घटना न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांची निवड ऐन वेळी रद्द करावी लागली, तीही एएफडीने अडवली म्हणून नाही. सोशल डेमोक्रॅट पक्षाने सुचवलेल्या एका प्राध्यापिकेविरुद्ध अतिउजव्या संकेतस्थळांवर मोहीम चालली, आणि सत्ताधारी आघाडीतलेच ख्रिश्चन डेमोक्रॅट खासदार बिचकले. ऑगस्टमध्ये तिने माघार घेतली, सप्टेंबरमध्ये तिच्या जागी दुसरं नाव घेऊन तिघांची निवड पार पडली. त्याच वर्षी २९ जानेवारीला स्थलांतराबद्दलचा एक ठराव बुंडेसटागमध्ये ३४८ विरुद्ध ३४४ असा एएफडीच्या मतांवर मंजूर झाला होता, मांडणारे होते ख्रिश्चन डेमोक्रॅट. अतिउजव्यांपासून अंतर राखायचं हा संकेत आहे, कलम नाही. आणि कुठलंही न्यायालय तो कुणाकडून पाळून घेऊ शकत नाही. १९३३ मध्ये दार उघडणारे पापेन आणि हिंडेनबुर्ग नाझी नव्हते, आपल्याला हा माणूस वापरता येईल असं समजणारे पुराणमतवादी होते.

आता तुमच्या स्वतःच्या काळजीबद्दल. जर्मन नागरिकत्व काढून घेता येत नाही, असं कलम १६ स्पष्ट सांगतं. ज्यूंचं आणि विरोधकांचं नागरिकत्व नाझींनी काढून घेतलं होतं, त्याचं हे उत्तर. फसवून नागरिकत्व मिळवलं असेल तर ते दहा वर्षांच्या आत रद्द होऊ शकतं, हा अपवाद तुमच्या माहितीसाठी. कलम १६ स्वतः बदलता येतं, पण वंशावरून नागरिकांत दोन दर्जे पाडणारा कुठलाही बदल कलम १ च्या मानवी प्रतिष्ठेवर अडतो, आणि ते कलम अपरिवर्तनीय आहे. २०१७ च्या निकालात न्यायालयाने हेच म्हटलं: पासपोर्ट असलेला माणूस जर्मनच, त्याचे आजोबा कुठलेही असोत. कागदावर यापेक्षा भक्कम संरक्षण मला दुसऱ्या देशात माहीत नाही. पण त्रास द्यायला नागरिकत्व काढावं लागत नाही. राज्याचा गृहमंत्री पोलिसांना कुठे थांबवून कुणाचे कागद तपासायला लावतो, शिक्षणमंत्री शाळेत काय शिकवायला सांगतो, परदेशी नागरिक कार्यालयात अर्ज किती महिने पडून राहतो, हे राज्य सरकारच्या हातात असतं आणि त्याला घटनादुरुस्ती लागत नाही.

राहिला बंदीचा प्रश्न. माझं मत विचाराल तर पूर्ण पक्षावर लगेच बंदी मागणं मी सुचवणार नाही. हरलो तर पक्षाला घटना न्यायालयाचंच प्रशस्तिपत्र मिळेल, आणि जिंकलो तरी खटल्याची तीनचार वर्षं तो हुतात्म्यासारखा मिरवेल. घटना न्यायालयाच्या कायद्यात एक कमी चर्चेतली सोय आहे: पक्षाच्या एखाद्या स्वतंत्र घटकापुरता निकाल देता येतो. थुरिंगिया, झाक्सेन आणि झाक्सेन-आनहाल्ट इथल्या शाखांविरुद्धचा पुरावा सर्वांत जुना आणि सर्वांत जाड आहे. तिथून, आणि निधी बंद करण्याच्या मागणीपासून सुरुवात करावी. काही सहकारी म्हणतात, हे अर्धवट आहे. शाखा तोडली तर माणसं शेजारच्या राज्यात जातील. त्यांचं म्हणणं चूक नाही. पण त्यातून न्यायालयाला वस्तुस्थिती तपासायची संधी मिळते आणि हरण्याची किंमत परवडणारी राहते.

अर्ज कुणी करायचा, हे मात्र लांबवण्यासारखं नाही. बुंडेसटागचा ठराव साध्या बहुमताने होतो, पण तिथलं बहुमत दर निवडणुकीला सरकतं आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये ११३ खासदारांनी असा प्रस्ताव दिला, जानेवारीत त्यावर चर्चा झाली, मतदान न होताच संसदेची मुदत संपली. बुंडेसराट उरतं. एनपीडीविरुद्धचा दुसरा अर्ज २०१३ मध्ये एकट्या बुंडेसराटने केला होता, केंद्र सरकार आणि बुंडेसटाग त्यात सामील झाले नव्हते. तिथे ६९ मतं आहेत, अर्जाला ३५ लागतात, आणि प्रत्येक राज्याची सगळी मतं राज्य सरकार एकगठ्ठा टाकतं. म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बायर्नची त्यात सहा आहेत. नागरिक झाल्यामुळे तुम्हाला आता बायर्नच्या विधिमंडळासाठीही मत देता येतं; भारतीय मंडळी बहुधा केंद्राच्या निवडणुकीपुरतीच जागी होतात.